दोन कार्डं एकत्र चालत नसतात

दादाचा जुना कॉम्प्युटर मी मागितला, तेव्हा तो हसला. त्याच्या घराचं रंगकाम चाललं होतं. जिन्याखालचं सगळं सामान अंगणात निघालं होतं आणि फाटकाशी भंगारवाला हातगाडी लावून उभा होता.

"ने की," दादा म्हणाला. "पण त्यात आता काय बी चालत नाय. करणार काय त्याचं?"

"खेळणार."

"या वयात?"

पन्नाशीला आलेली, ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवणारी बाई मी. काय करावं नि काय करू नये हे विचारायची सवय मला उरलेली नाही. कॅबिनेट, जाडजूड मॉनिटर आणि एक खोकं रिक्षात घातलं आणि मी सिडकोतल्या माझ्या घरी आले.

हा कॉम्प्युटर मला कानांनी ओळखीचा होता. आमचं गाव कन्नड तालुक्यातलं. दादाला शहरात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, तेव्हा वडिलांनी दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि त्याच्या जेवणाची आबाळ नको म्हणून मलाही पाठवलं. मी बी.एस्सी.ला नाव घातलं होतं, पण घरात त्याचा उल्लेख "पोरगी जोडीला कालेजबी करती" असाच व्हायचा. पुढच्या खोलीत दादाचा कॉम्प्युटर, मागच्या खोलीत माझा स्टोव्ह, मध्ये एक पडदा.

रविवारी दादाचे मित्र यायचे. अंतराळात जहाज उडवायचा एक खेळ होता. एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर जायचं, वाटेत शत्रूची जहाजं फोडायची. प्रत्येक ग्रहाचं संगीत वेगळं होतं. पोळ्या लाटता लाटता मला ते सगळं पाठ झालं. पोरं कुठल्या ग्रहावर पोचली, कुठं अडकली, कुठं मेली, हे मला पडद्याआडून कळायचं. एकदा मी म्हणाले, मला पण एकदा खेळू दे. दादा म्हणाला, "हात लावू नको, बिघडंल." मित्रांपैकी कुणीतरी चहा मागितला.

पुढच्या वर्षी त्यानं आवाजासाठीचं जुनं साउंड कार्ड काढून नवं आणून बसवलं. त्या दिवशी धडाके खणखणीत वाजले, वैमानिकाचं बोलणं स्वच्छ ऐकू आलं, पोरांनी आरडाओरडा केला. पण संगीत बारीक झालं होतं. त्याचा खालचा सूर गेला होता, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं वाटत होतं. मी पिठाच्या हातानं बाहेर आले. "गाणं बिघडलंय," म्हटलं. सगळे हसले.

"नवीन कार्ड हाय, लई भारी," दादा म्हणाला. "तुला काय कळतं?"

यंदाच्या मे महिन्याच्या सुट्टीत मी जेवणाच्या टेबलावर तो कॉम्प्युटर उघडला. आतल्या बॅटरीतून हिरवट काहीतरी ओघळून वाळलं होतं, ते घासून काढलं. हार्ड डिस्क मेली होती, तिच्या जागी कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड जोडलं. सोबत आणलेल्या खोक्यात खेळाच्या फ्लॉप्या होत्या, आणि त्यांच्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पहिलं साउंड कार्ड. लांबलचक, पायांवर काळपट डाग पडलेले, पण शाबूत.

आधी नव्या कार्डावर खेळ लावला. धडाके झकास, आणि संगीत तेच, पत्र्याचं. इतक्या वर्षांनी ते ऐकून मला पुन्हा तेवढाच राग आला. मग नवं काढून जुनं बसवलं. पहिल्या ग्रहाचं संगीत सुरू झालं आणि मी स्पीकर जवळ ओढला. हेच होतं ते. खालच्या सुरासकट. पण आता धडाके घोगरे येत होते, आणि वैमानिक बोलला की मागं सतत चर्रर्र. त्याचं कारणही माझ्या ध्यानात आलं. जुन्या कार्डावर सूर तयार करणारी खरी चिप होती. नव्यावर तिची नक्कल होती, पण ध्वनिमुद्रित आवाज मात्र नवंच चांगलं वाजवायचं.

मला दोन्ही हवं होतं. संगीत जुन्यातून, बाकी सगळं नव्यातून.

दादाला फोन केला. "लॅपटॉपवर टाक तो खेळ, फुकटात चालतो आजकाल," तो म्हणाला. "दोन कार्डं एकत्र चालत नसतात, भांडतात. इंजिनिअर हाय मी."

पैठण गेटजवळच्या कॉम्प्युटर दुकानदारानं कार्डं हातात न घेताच मान हलवली. "मॅडम, दोनों एकसाथ नहीं चलते. एक निकाल के फेंको." इंटरनेटवर जुन्या कॉम्प्युटरवाल्यांच्या चावडीवर विचारलं, तिथल्या एका गृहस्थांनी मला आधी साधं काहीतरी शिकून घ्यायचा सल्ला दिला. घरी नवरा म्हणाला, "चालू दे तुझं," आणि मांडीवर ताट घेऊन सोफ्यावर जेवायला लागला. टेबल काही मी मोकळं केलं नाही.

भांडण कशावरून होतं ते मी नीट पाहिलं. कॉम्प्युटरच्या आत प्रत्येक कार्डाला पत्ता असतो, घर नंबर असावा तसा. दोघांनाही एकच नंबर मिळाला होता. जुन्या कार्डावरची इवलीशी प्लास्टिकची टोपी एका खिळ्यावरून काढून शेजारच्या खिळ्यावर लावली की त्याचा नंबर बदलतो. तो बदलला. खेळ सुरू केला, आणि दोन्ही कार्डं एकदम गायला लागली. खरं गाणं आणि नकली गाणं, एकावर एक. एका चौकात दोन वरातींचे बँड समोरासमोर यावेत तसं. नवरा आंघोळीतून ओरडला, "काय फुटलं?"

मी हसत सुटले. गात होती म्हणजे दोन्ही जिवंत होती, आणि एकत्र होती. आता फक्त एकाला गप्प करायचं होतं.

संगीताला मात्र वेगळा पत्ता असतो, आणि जुन्याचा तो टोपी हलवूनही बदलत नव्हता, कारखान्यातूनच ठरून आलेला. नव्याला मात्र कॉम्प्युटर सुरू होताना एका छोट्या फाईलमधून पत्ते वाटून दिले जात. त्यातली संगीताची ओळ शोधून मी काढून टाकली. तर धडाकेही बंद पडले. भलतीच ओळ उडवली होती. ती परत लिहिली, दुसरी काढली, पुन्हा सुरू केलं. सुट्टीचा मोठा भाग यात गेला. कूलर घरघरत होता, लाईट जात-येत होती, आणि कुणी "झालं का?" विचारलं की मी "नाय" एवढंच म्हणत होते. शेवटी एका दुपारी जुन्या कार्डातून निघालेली एक आखूड वायर नव्याच्या मागच्या भोकात खुपसली, म्हणजे दोघांचा आवाज एकाच स्पीकरमधून यावा, आणि खेळ लावला.

संगीत खोल, भरदार. त्यावर वैमानिकाचं स्वच्छ बोलणं. मग धडाका, खिडकीची काच थरथरेल असा.

मी खेळायला बसले. रस्ता मला पाठ होता, चित्रं मात्र पहिल्यांदा नीट बघत होते. तिसऱ्या ग्रहाचं संगीत इतकं गार वाटायचं की इतकी वर्षं मी तो ग्रह निळा धरून चालले होते. तो तांबडा निघाला.

मग मी दादा-वहिनीला जेवायला बोलावलं. हो, मुद्दाम. खेळ लावला आणि दादा उभ्याउभ्याच स्पीकरकडं वळला.

"हेच," तो म्हणाला. "असंच वाजायचं पहिल्यांदा. नवीन कार्डानं बिघडवलं होतं बघ."

"मी तेव्हाच सांगितलं होतं."

"कधी?"

त्याला खरंच आठवत नव्हतं. तो खुर्चीत बसला आणि पानं वाढली तरी उठला नाही. जेवून हात पुसता पुसता म्हणाला, "मी हे घेऊन जातो. नवं कपाट केलंय हॉलात, त्यात मस्त बसंल."

"नाय," मी म्हणाले.

"अगं, माझाच हाय ना तो?"

"भंगारात काढलास, तिथवर तुझा होता. खेळायचं असलं तर इथं ये. कधीबी ये. पण तो इथनं हलणार नाय."

नवरा ताटात बघत राहिला. दादानं चपला घातल्या, वहिनी त्याच्या मागोमाग गेली. दोन दिवसांनी गावाहून आईचा फोन. "सख्ख्या भावाला नाय म्हणलीस? एवढ्याशा डब्यासाठी?"

"व्हय," मी म्हटलं. "डब्यासाठीच."

मग कपाशीचं, पावसाचं बोलून तिनं फोन ठेवला.

दादानं येणं सोडलं. मीही समजूत काढायला गेले नाही. दिवाळीत ओवाळून घ्यायला आला, पण पुढच्याच खोलीत बसला आणि फराळ करून गेला. मला वाईट वाटलं. पण कॉम्प्युटर देऊन टाकावा, असं काही वाटलं नाही.

नंतर एका शनिवारी दुपारी बेल वाजली. दारात वहिनी, हातात हेल्मेट, एकटीच.

"वन्सं, त्या दिवशी ऐकलं, तवापासून डोक्यात घोळतंय," ती म्हणाली. "मला शिकवा. आमच्या घरात कुणी हात लावू देत नाय कशाला."

मी खुर्ची मागं ओढून दिली. तिनं पहिलं जहाज उडवताच डोंगरावर आपटलं. दुसरंही आपटलं. तिसऱ्याला तिनं शत्रूचं एक जहाज फोडलं आणि अशी किंचाळली, की खालच्या मजल्यावरच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, "काय झालं हो?"

"काय नाय, जिंकलो!" वहिनीनंच ओरडून सांगितलं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. दादाचा होता. हातातला खेळ न सोडता तिनं तो खांद्यावर धरला.

"भाजी फ्रिजमध्ये हाय, गरम करून घ्या," ती म्हणाली. "मी वन्संकडं हाय. उशीर होईल."

फोन ठेवून ती मला म्हणाली, "आवाज वाढवा जरा."

मी वाढवला.