गारगोटीतलं सोनं

विट्यात माझं गलाईचं दुकान होतं. जुने दागिने वितळवून शुद्ध सोनं काढायचं, हाच धंदा. नव्वदच्या दशकात दर सुट्टीला शिराळ्याचा एक गडी तिथं येऊन बसायचा. कर्नाटकातल्या एका टेकडीवर सोनं शोधणाऱ्या सरकारी बोअर मशीनवर तो कामाला होता. रस्त्यावरचा खडासुद्धा तो आधी जिभेनं ओला करायचा, मग उन्हात फिरवून बघायचा.

"लाटण्यावानी गोल दगड वर येतो बघा," तो सांगायचा. "लय खालचा. सूर्यानं बी कवा बघितला न्हाई, आन् पयला हात आपला लागतो." असं बोलताना त्याचा आवाज देवळात शिरल्यासारखा खाली जायचा.

त्या टेकडीवर फार जुन्या लोकांनी सोन्यासाठी जाळ घालून, तापवून दगड फोडला होता. मग गोरे साहेब आले, खड्डे खणून निघून गेले. आता या सरकारी मशीनचंही काम बंद पडलं. सोनं होतं, पण अगदीच थोडं.

शेवटच्या खेपेला त्यानं एक पांढरी गारगोटी बघायला दिली. भिंगाखाली केसाएवढी पिवळी रेघ दिसली. सवयीनं मी खलबत्ता ओढला.

"कुटून वितळवू. किती निघतं ते कळेल."

त्यानं माझं मनगट धरलं.

"आवं, न्हाई! वितळलं की त्ये कुणाचं बी सोनं. दगडात हाय तवर त्या डोंगराचं हाय."

वीस वर्षं मी सोनं आगीतच बघत आलो होतो. ते जन्मलं त्या जागी पहिल्यांदाच बघत होतो. खलबत्ता मागं सारला आणि ती गारगोटी दोन्ही हातांनी त्याला परत दिली.