बग्गीखान्यातलं पोटपाणी

हॉटेलवाल्याचा गल्ला भरो न भरो, किश्शांचं पोतं भरतंच. आमचं तर पहिल्या वर्षीच भरलं!

कापसाचे भाव कोसळले आणि आम्ही कामाला होतो ती वणीतली जिनिंग मिल बंद पडली. मी तिथं वजनकाट्यावर असायचो, माझा दोस्त गजानन प्रेसवर कापसाच्या गाठी बांधायचा. दोघंही एकाच दिवशी घरी बसलो. मग गावातल्या एका वकीलसाहेबांच्या आजोबांची बग्गी जिथं उभी राहायची, तो बग्गीखाना आम्ही भाड्यानं मागितला आणि माझ्या बायकोनं, शालूनं, तिथं चूल पेटवली. वकीलसाहेबांची अट एकच. त्यांच्या आईनं येऊन पाहिलं आणि तिला पटलं तरच पक्कं, नाहीतर सिमेंटच्या गोडाऊनसाठी गिऱ्हाईक तयार होतं.

*

दार बग्गीचं, म्हणजे चांगलंच रुंद. एक म्हातारबा बैलगाडीसकट आत शिरले. टेबलं सरकली, माणसं ताटं घेऊन उभी राहिली. मी म्हटलं, बाबा, गाडी बाहेर लावा.

"दार त गाडीचंच हाय," ते म्हणाले. "मानसाचं कुठं हाय, ते दाखव."

वळवायला जागा नव्हती, म्हणून बैलांना गोंजारत मागं मागं नेऊन बाहेर काढलं.

*

कोळशाच्या ट्रकवाल्या एका ड्रायव्हरनं आमची 'बग्गीखाना' ही पाटी वाचली आणि सरळ ऑर्डर दिली, "दो प्लेट बग्गी."

गजानन जराही गडबडला नाही. "बग्गी खतम हो गई. पाटवडी-रस्सा है."

ड्रायव्हर हळहळला. परतीच्या फेरीला तीन दोस्त घेऊन आला आणि आज तरी बग्गी आहे का, म्हणून विचारू लागला. शेवटी शालूनं पाटवडी-रस्सा, भाकरी आणि ठेचा एका ताटात वाढून त्यालाच बग्गी म्हणायला सुरुवात केली. आता लोक बग्गीच मागतात.

*

पार्सल गजाननकडे. गाठी बांधलेला हात तो! भाकऱ्या कागदात घालायच्या, वर गुडघा द्यायचा आणि सुतळी आवळायची. मुकुटबनचे एक गुरुजी दुसऱ्या दिवशी पार्सल तसंच परत घेऊन आले.

"भाऊ, मी रात्री उपाशी झोपलो. हे सोडाले पान्हा लागते का पहार?"

गाठ टिकली, याचाच गजाननला आनंद.

*

आणि एक दिवस वकीलसाहेब आईला घेऊन आले. याच दारातून बग्गीत बसून ही बाई लग्नाच्या वरातीत सासरी आली होती, आणि आमची चूल होती नेमकी घोड्यांच्या गव्हाणीच्या जागी.

त्यांनी चुलीकडं बोट दाखवून विचारलं, "इथं काय होतं, ठाऊक आहे?"

"गव्हाण," मी कसंबसं म्हणालो.

त्या बसल्या. दोन भाकऱ्या खाल्ल्या, रस्सा पुन्हा मागितला. वकीलसाहेब त्यांच्या तोंडाकडं बघत होते, मी वकीलसाहेबांच्या, आणि शालू पदराआडून आम्हा सगळ्यांच्या.

हात धुऊन त्या वकीलसाहेबांना म्हणाल्या, "त्या गोडाऊनवाल्याले नाही म्हणून सांग."

माझा जीव भांड्यात पडला. शालू तर रडायलाच लागली.

तिच्या पाठीवर हात ठेवून म्हातारी म्हणाली, "घोडे गेल्यापासून इथं कोणी पोटभर जेवलंच नव्हतं, बाई."