ओटीत गेलेला खण

अंबिकेनं आईचं कपाट उपसून पलंगावर ढीग घातला, तरी खण सापडेना. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तिला दिल्ली गाठायची होती. वस्त्ररचनेचं पदव्युत्तर शिक्षण नुकतंच संपलं होतं आणि नोएडाच्या एका हातमाग कंपनीनं डिझायनरच्या जागेसाठी बोलावलं होतं. फोनवर बजावलं होतं, की फोटो नकोत, स्वतः विणलेलं कापड आणा.

तिनं मागावर बसून स्वतः विणलेलं कापड एकच होतं. खण नेहमी दक्षिणेतून येतो; मग झाशीत पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या मराठी बायकांचा, बुंदेलखंडाचा असा खण का नसावा, हे खूळ तिनं डोक्यात घेतलं होतं. लालसर तपकिरी पोतावर मोहाच्या फिकट कळ्या, काठ जांभळे. धागे तुटले, पाठ धरली, पण खण झाला. जपून राहावा म्हणून तिनं तो न सांगताच आईच्या कपाटात ठेवला, आणि तिथंच ही शहाणी मुलगी चुकली.

"जांभळ्या काठांचा ना?" अनुसूयाबाई मटार सोलता सोलता म्हणाल्या. "तो काल विजयालक्ष्मीच्या ओटीत घातला."

विजयालक्ष्मी म्हणजे छावणीतल्या हवालदाराची बायको, साताऱ्याकडची. नवऱ्याची बदली झाली म्हणून निरोपाला आली होती. कपाटातल्या प्रत्येक खणाची घडी अनुसूयाबाई त्रिकोणीच घालत. लेकीचा खणही हाताला लागला तेव्हा कुठल्याशा ओटीत आलेला समजून त्यांनी तो तसाच दुमडून गठ्ठ्यात ठेवून दिला होता.

"आई! माझं सँपल होतं ते! उद्या इंटरव्ह्यू आहे!"

"मला काय ठाऊक? चांगली बाई, पुन्हा भेटेल न भेटेल, म्हणून नीट बघून काढून दिला."

"मी जाऊन परत मागते."

"खबरदार! सवाष्णीची ओटी रिकामी करायची?"

अंबिकेनं ऐकलं नाही. ही नोकरी हुकली तर मुकाट्यानं बी.एड. करायचं, असं तिनं आईला कबूल केलं होतं. 'कापडं विणायला कशाला हवी एवढी डिग्री,' हे पालुपद झाशीच्या नगरा भागातल्या त्या घरात रोज वाजायचं. रागानं तिचे कान तापले होते. तिनं स्कूटी काढली. मागची सीट दबली म्हणून वळून पाहिलं, तर आई बसलेली, मांडीवर पिशवी धरून.

छावणीतल्या क्वार्टरमध्ये ट्रंका बांधून तयार होत्या. संध्याकाळीच त्यांची गाडी होती. अंबिकेनं खण कुठं आहे, एवढंच विचारलं.

"आता गं बया! खण व्हय?" विजयालक्ष्मी म्हणाली. "येरवी आलेला खण मी म्होरं दुसरीच्या ओटीत घालते. ह्यो द्यावाच वाटंना. सकाळीच इलाइटवरच्या मास्टरकडं शिवाया टाकला."

तिघी इलाइट चौराह्यावर पोचल्या. अंबिका दुकानाच्या पायरीवरच थांबली. टेबलावर कात्री होती, आणि कात्रीपाशी तिच्या कळ्या. पाठ वेगळी, बाह्या वेगळ्या.

"बिटिया, ये तो कट गया," मास्टर म्हणाले.

तिला रडायचंही सुचेना. तुकडेच न्यायचे, एवढंच डोक्यात आलं. पण सवाष्णीच्या ओटीतलं परत मागणं तिला जमेना. शेवटी आईचंच ऐकत होती ती, हवं तर हसा.

अनुसूयाबाईंनी पिशवी उघडली. त्यांच्या स्वतःच्या लग्नातला खण, नारळ, मूठभर तांदूळ. त्या गजबजलेल्या चौकात, शिंप्याच्या दुकानात, त्यांनी विजयालक्ष्मीला पदर पसरायला लावला आणि तिची ओटी पुन्हा भरली.

"आता ते तुकडे पोरीला दे बाई."

दुसऱ्या दिवशी नोएडातल्या कंपनीत टेबलावर इतरांची कापडं कशी ताठ, इस्त्रीची! अंबिकेनं पिशवीतून तुकडे काढले. समोरच्या बाईंनी भुवई उंचावली.

"ये काटा किसने?"

"टेलर ने. माँ ने किसी को दे दिया था... उनको पता नहीं था कि मैंने बुना है। उन्हें लगा, असली खण है।"

बोलून गेली आणि तिचं तिलाच ऐकू आलं. बाईंनी पाठ, बाह्या, पुढचे भाग कडेला कड लावून टेबलावर मांडले, कळ्या जुळवून पाहिल्या, मागची बाजू उलटून धागे तपासले. मग विचारलं, "कब से आ सकती हो?"

बाहेर येऊन अंबिकेनं घरी फोन लावला. नोकरीचं सांगायच्या आधी तिनं विचारलं, "आई, कपाटात एवढे खण होते. तोच का काढलास?"

"अगं, जन्माची आठवण द्यायची होती तिला," अनुसूयाबाई म्हणाल्या. "दुसरा एकही तसा नव्हता."