चार मिनिटं पुढे

गेली एकोणीस वर्षं मी या जिल्ह्याशी रोज सकाळी चार मिनिटांचं खोटं बोलत आले आहे, आणि मला त्याची तिळमात्र लाज वाटत नाही.

नाशिकच्या एका छोट्या खासगी रेडिओ केंद्रावर सकाळी सात ते नऊ मी बसते. बसते म्हणजे बोलते. गाणी लावते, हवा कशी आहे ते सांगते, कुणाकुणाचे वाढदिवस सांगते आणि दर दहा मिनिटांनी वेळ सांगते. माझ्या आवाजावर अर्ध्या जिल्ह्यातल्या कुकरच्या शिट्ट्या होतात. माझं बोलणं कानावर पडलं की देवळ्याकडे चाळीत साठवलेला कांदा सडायचा थांबतो, असं एका शेतकऱ्याने मला स्वतः सांगितलंय. तो कांद्याबद्दल नव्हे, म्हशीबद्दल बोलत होता आणि म्हैस दूध द्यायला उभी राहते एवढंच म्हणाला होता, पण मुद्दा तोच.

खोटं सुरू झालं ते एका पोस्टकार्डापासून. देवळाली कॅम्पातल्या एका जवानाच्या बायकोने लिहिलं होतं. नवरा सीमेवर, ही नाशिकरोडला शाळेत शिकवायची आणि रोज पॅसेंजरने जायची. 'ताई, काल तुम्ही तुमच्या लग्नातली बँडवाल्यांची गंमत सांगत होतात. ती ऐकत दारातच उभी राहिले आणि माझी गाडी गेली. मुख्याध्यापक सगळ्यांसमोर बोलले. तुमचं बोलणं अर्धवट सोडवत नाही आणि गाडी तर सोडून चालत नाही. काय करू?'

मी बराच विचार केला. कमी बोलायचं, हा एक मार्ग होता, पण तो माझ्या प्रकृतीला मानवत नाही. पॅसेंजर थांबवावी, तर रेल्वेत तेवढी ओळख नव्हती. उरली ती वेळ. मी हातातलं घड्याळ चार मिनिटं पुढे केलं आणि दुसऱ्या दिवसापासून स्टुडिओतल्या भिंतीकडे न बघता मनगटाकडे बघून वेळ सांगायला लागले. सातला खरी, सव्वासातनंतर मनगटावरची, नऊला पुन्हा खरी. शेवटी शेवटी ती चार मिनिटं कुठे विरघळतात, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. लोकांना वाटत असेल, जाहिरातींत गेली.

महिन्याभराने दुसरं कार्ड आलं. 'ताई, हल्ली गाडी सापडते. फलाटावर चहासुद्धा होतो.' ते कार्ड माझ्या पर्समध्ये अजून आहे. मला मिळालेल्या सगळ्या ट्रॉफ्या (दोन) त्याच्यापुढे पाणी भरतात.

मधे दोन वर्षं मी एका केबल वाहिनीवर संध्याकाळच्या बातम्याही दिल्या. भाजीबाजारात बायका थांबवून सांगायच्या, "टीव्हीत बऱ्याच गोऱ्या दिसता की हो." मेथीची जुडी मात्र त्याच भावाने. पण मी रमले नाही. टीव्हीच्या पडद्यावर कोपऱ्यात घड्याळ सतत पळत असतं. निवेदिकेने काहीही सांगो, लोक कोपऱ्यावर विश्वास ठेवतात. असल्या ठिकाणी माझ्यासारखीचं काय काम? मी मुकाट परत नुसत्या रेडिओवर आले. मुकाट म्हणजे वाहिनीच्या मालकांना तासभर ऐकवून.

गेल्या वर्षी केंद्रावर नवे साहेब आले. माणूस हुशार, रोज दहा मिनिटं उशिरा येणारा. पण एका सकाळी ते घरी दाढी करता करता मोबाइल समोर ठेवून माझा कार्यक्रम ऐकत बसले आणि माझं बिंग फुटलं. साडेनऊला केबिनमध्ये बोलावणं आलं. साहेब आले नऊ चाळीसला.

"मॅडम, आज तुम्ही सात त्रेचाळीस म्हणालात तेव्हा सात एकोणचाळीस झाले होते."

"बरोबर आहे," मी म्हणाले.

"काय बरोबर आहे?"

"दोन्ही."

ते हसले नाहीत. म्हणाले, "आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. तुमच्या वेळेवर कोण अवलंबून असतं?"

"सकाळी साडेसातला बायकांच्या हातात मोबाइल नसतो, साहेब. पीठ असतं."

"मग हात धुवून बघावं."

"तुम्ही सकाळच्या पोळ्या करता का?"

यावर त्यांनी एक कागद पुढे सरकवला. उद्यापासून अचूक वेळ सांगायची. शनिवारी मी थेट प्रसारणात माफीचं निवेदन वाचायचं. नाही वाचलं, तर सोमवारपासून माझा कार्यक्रम आधी रेकॉर्ड करून ठेवायचा आणि मधेमधे वेळ कॉम्प्युटर सांगणार.

आता रेकॉर्ड केलेला कार्यक्रम म्हणजे काय? गुरुवारी बंद खोलीत बसून 'आज छान गार हवा आहे' म्हणायचं आणि सोमवारी लोकांनी घामाच्या धारांत ते ऐकायचं. माझ्याकडे ना रूप, ना गळा. माझ्याकडे ते थेट दोन तास होते, बस्स. ते गेले की मी म्हणजे नुसती एक फाइल.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार मी खरी वेळ सांगितली. तेवढी शिस्त माझ्यात आहे. शुक्रवारी कार्यक्रम संपताच फोन आला. विंचूरला व्यापाऱ्यांच्या खळ्यावर कांदा निवडायला जाणाऱ्या बायांची मुकादमीण होती.

"ताई, तब्येत बरी नाय का?"

"बरी आहे की. का?"

"तुमची येळ मागं पडली. मला वाटलं आमचं घड्याळ बिघडलं, म्हणून मी ते तुमच्यावर लावून मागं केलं. तीन दिस झाले, टमटम निघून जाती आन आम्ही बारा जणी रस्त्यावर. खळंवाला लय बोलला."

मी फोन ठेवला आणि घड्याळ पुन्हा चार मिनिटं पुढे केलं.

शनिवारी साहेब काचेपलीकडे मोबाइल घेऊन उभे राहिले. ऑफिसातला झाडून सगळा स्टाफ, म्हणजे पाचही जण, आणि माझ्या आठवणीप्रमाणे निम्मं नाशिक त्यांच्या मागे उभं होतं. गाणं संपलं, लाल दिवा लागला, मी माफीचा कागद हातात घेतला.

"श्रोतेहो, गेली अनेक वर्षं मी आपल्याला चुकीची वेळ सांगितली," मी शब्दन् शब्द वाचलं. "त्याबद्दल केंद्र दिलगीर आहे." इथपर्यंतही वाचलं. मग कागद खाली ठेवला. "केंद्र आहे. मी नाही. आत्ता सात वाजून चव्वेचाळीस मिनिटं झाली आहेत. काचेपलीकडे साहेबांच्या मोबाइलमध्ये चाळीस झालेत. ज्यांना गाडी पकडायचीये त्यांनी माझं ऐका. बाकीच्यांनी साहेबांचं." आणि गाणं लावलं.

फोन वाजायला लागला तो थांबेना. पहिला साहेबांनीच उचलला आणि स्पीकरवर टाकला, मला ऐकू यावा म्हणून. त्यांची अपेक्षा तक्रारीची असावी. मुकादमीण होती.

"तुमी सायेब का? ताईला सांगा, मी घड्याळ पुन्यांदा पुढं केलं."

"अहो बाई, ती वेळ खोटी आहे. तुम्ही ऐकलं ना आत्ता?"

"आयकलं की. येळ खोटी आसंल. टमटम तर खरी हाय ना?"

साहेबांनी पुढचे सात-आठ फोन घेतले. मी चाळीस मोजले, पण माझं मोजणं तुम्हाला एव्हाना माहीत झालंय. शेवटी ते एवढंच म्हणाले, "सोमवारी साडेनऊला केबिनमध्ये या."

सोमवारसाठी काही रेकॉर्ड झालंच नव्हतं, कारण मी रेकॉर्डिंगला गेलेच नव्हते. तेव्हा सोमवारीही मीच थेट बसले, आणि सव्वासातनंतर मनगटाकडे बघूनच बोलले. साहेबांना मला काढायचंच असेल, तर काढताना तरी माझी वेळ ऐकू देत. साडेनऊला केबिनचं दार ढकललं, तर साहेब आत बसलेले. समोरचा चहा अर्धा संपलेला.

"आज लवकर आलात," मी म्हणाले.

ते फाइलमध्ये बघत राहिले. "निघायच्या आधी रेडिओ लावला होता."

मी उभी राहिले. त्यांनी एक पान उलटलं, मग मागे उलटलं.

"जा, काम करा," म्हणाले.

तो अटींचा कागद त्यांनी फाडला की कुठल्या कपाटात घालून ठेवला, मला ठाऊक नाही, मी विचारलंही नाही. उद्या दुसरे साहेब येतील आणि तो बाहेर काढतील. काढू देत. माझं घड्याळ चार मिनिटं पुढेच आहे, आणि ते मागे करायचं असेल तर आधी माझं मनगट धरावं लागेल.