झोळीतला अँप्लिफायर

लातूर जिल्हा नवा झाला त्या दुष्काळात माझा लाऊडस्पीकर सात गावांना ऐकू जायचा. आठव्यालाही गेला असता, पण तिथली माणसं टँकरपाशी भांडत होती, त्याला मी काय करणार?

नांदेडला एका दुकानात हात बसवून मी स्वतःचा सेट उभा केला होता. व्हॉल्व्हचा अँप्लिफायर. काचेच्या दिव्यासारखा व्हॉल्व्ह, त्याच्या पोटात केसाएवढ्या तारा. धक्का बसला की तारा थरथरतात, आणि भोंगा ती थरथर शंभरपट करून गावाला ऐकवतो.

जळकोटच्या बाजूला एका बौद्ध वस्तीत लग्न होतं. नवरीचे वडील शाळेत गुरुजी. सेट उतरवायच्या आधीच मला म्हणाले, "बुद्धवंदना वेशीपर्यंत ऐकू गेली पाहिजे. माझ्या लग्नात गावानं भोंगा लावू दिला नव्हता."

"वेशीचं काय घेऊन बसलात गुरुजी, उदगीरला ऐकवतो," मी म्हणालो.

मांडवामागं पन्नास पावलांवर बोअरची गाडी धडधडत होती. वस्तीतला पहिला बोअर, तिसरा दिवस, अजून नुसती धूळ. ठोका असा की एका पाहुण्याच्या ताटातली बुंदी चालत शेजारच्या ताटात जायची. ही मी डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट आहे, ते शेजारचं ताट माझंच होतं.

मी माइकात "हॅलो" म्हणालो. भोंगा म्हणाला "हूऽऽऽ".

अँप्लिफायर हलतोय, तर आवळून टाकू, असा विचार करून मी तो टेबलाला दोरखंडानं करकचून बांधला आणि टेबलाचे पाय जमिनीत ठोकले. झालं, जमिनीचा सगळा हादरा आता सरळ व्हॉल्व्हच्या पोटात. भोंगा असा बोंबलला की पंगतीतलं कुत्रं हात न धुता पळालं.

घडीभर मशीन थांबवा म्हणायला गुरुजी बोअरवाल्या ड्रायव्हरकडं गेले. तो तेलंगणाकडचा. "बंद बोले तो बंद," तो म्हणाला. "फिर मैं सीधा उदगीर जाताऊं. वहाँ लोगां राह देख रैं."

गुरुजींनी एकदा भोंग्याकडं पाहिलं, एकदा रिकाम्या घागरींकडं. "चालू द्या," ते त्याला म्हणाले. मग मला म्हणाले, "तुमचं तुम्ही बघा."

मी पेन्सिलीनं एकेक व्हॉल्व्ह टिचकावला. माइककडचा पहिला भोंग्यातून टण्णकन वाजला. तो बदलला, निम्मी बोंब कमी झाली. निम्मी तशीच.

नवरीची आत्या कडुलिंबाला बांधलेल्या झोळीत नातवाला झोके देत हे सगळं बघत होती. "भाऊ, ह्या मशीनीनं बाज हालती, लेकरू निजंना. म्हणून झोळीत टाकलं. तुमच्या डब्याला बी टाका की."

एवढा मोठा मिस्त्री मी, हसलो. मग उठून झोळीकडं गेलो, कारण बाई बरोबर बोलत होती.

लेकरू तिच्या खांद्यावर गेलं आणि अँप्लिफायर लिंबाच्या झोळीत. झोळीच्या दोराच्या जागी मी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या बांधल्या. वायरी ढिल्या सोडल्या, ताणलेली वायरही हादरा आणते. व्हॉल्व्ह तापतात म्हणून झोळीचं तोंड उघडं ठेवलं. शेवटी आत्याकडं चटणीचा पाटा मागितला आणि अँप्लिफायरच्या खाली घातला.

"पाटा कशाला?"

"हलकं असलं की नाचतं, आत्याबाई. वजन असलं की गप बसतं."

"मग एक नवरदेवाच्या डोक्यावर बी ठिवा. सकाळधरनं नाचायलाय."

वंदना सुरू झाली. मागं मशीन ठोकतंय, आणि भोंग्यातून आवाज असा नितळ की म्हणणाऱ्याचा श्वाससुद्धा ऐकू यावा. गुरुजी मांडवात नव्हते. लेकीचं लग्न सोडून बाप गेला कुठं, म्हणून लोक बघायला लागले. ते वेशीकडून चालत आले, फेट्याच्या शेवानं तोंड पुसत.

"अक्षर न् अक्षर," मला म्हणाले. बास, एवढंच.

उदगीरला ऐकू गेल्याचं मला पुढं उदगीरच्याच माणसानं सांगितलं. तो जरा ऐकायला कमी होता, म्हणून त्याचं खरं धरायला हरकत नाही.

दुपार कलली तेव्हा धुळीच्या जागी चिखल उडाला, मग पाणी. बाया घागरी घेऊन धावल्या. ड्रायव्हरनं मशीन बंद केलं, आणि त्या शांततेनं दचकून आत्याच्या खांद्यावरचं लेकरू जागं झालं, भोंग्याला लाजवील असं रडायला लागलं.

आत्या झोळीपाशी येऊन उभी राहिली. "भाऊ, तुमचं निजलं असंल तर काढा आता. माझं उठलंय."