पाच फूट सहा इंच

हाईम वाक्रूळकरशी भांडण काढायचा मी पुष्कळदा प्रयत्न केला, पण जमलं नाही. आपण तावातावानं काही बोलावं, तर तो म्हणणार, "बरोबर हाय तुझं, मेयर," आणि चहाचं आधण ठेवायला उठणार. माझ्यासारख्या तापट माणसाची यात फार कुचंबणा होते.

मुंबईत तो परळच्या रेल्वे कारखान्यात फिटर होता आणि मी मालधक्क्यावर कारकून. तिथं आमची ओळखसुद्धा नव्हती. १९६० साली दोघंही इस्रायलला आलो आणि अश्दोदच्या वाळूत एकाच इमारतीत वरखाली राहायला लागलो. तो बंदराच्या बांधकामावर क्रेन दुरुस्त करायचा, मी सुताच्या गिरणीत हजेरी लिहायचो. हिब्रूच्या वर्गात मी पहिला आलो होतो आणि ही गोष्ट तेव्हा सगळ्यांना सांगत असे. आता सांगत नाही, त्याचं कारण पुढं येईलच.

हाईमची बायको जेमायमा भुसावळची. तिचे वडील मेलगाडीचे ड्रायव्हर. इकडे यायचं हाईमनं ठरवलं तेव्हा म्हातारा म्हणाला, "माझी पेन्शन इथं, हिच्या आईची कबर इथं. तुम्ही जा." दुसऱ्या वर्षी तो वारला. पत्र पोचलं पस्तीस दिवसांनी. आपल्या ज्यू लोकांत सात दिवस जमिनीवर बसून शोक करायचा असतो, पण बातमी तीस दिवस उलटून आली तर फक्त एक तास. जेमायमावहिनी तासभर जमिनीवर बसली. मग उठली, पदर झाडला आणि कांदा चिरायला घेतला. त्यानंतर तिनं वडिलांचं नाव काढलं नाही. हाईमला एका शब्दानं बोलली नाही, पण राहत्या जागेला ती कधी घर म्हणाली नाही. "शिक्कूनवर जाते", "शिक्कूनची किल्ली", असंच. शिक्कून म्हणजे सरकारनं बांधलेली चाळच म्हणा ना. सगळा अश्दोद तो शब्द वापरत होता, पण तिच्या तोंडून तो आला की हाईम जमिनीकडे बघायचा.

बासष्टच्या हिवाळ्यात हाईमचं घड्याळ बंद पडलं. दुरुस्तीला नेलं ते लाझारच्या दुकानात. लाझार रुमानियाचा, एकटा, बोलायला कडू. घड्याळांच्या मधोमध टेबलावर हाईमला बोटभर उंचीचं रेल्वेच्या डब्याचं चाक दिसलं. पितळेचं, आऱ्या मोजून घ्याव्यात असं. हाईमला हिब्रू धड येत नव्हतं, लाझारला मराठी येणं शक्य नव्हतं. हाईमनं खिशातून कॅलिपर काढला, चाक मोजलं आणि मान हलवली. दोस्ती झाली.

मग त्यांनी ठरवलं की खरी रेल्वे करायची. खेळणं नव्हे. एका फुटाला सात मिलिमीटर, या मापात प्रत्येक रिव्हेट बसला पाहिजे. इमारतीखाली मिक्लात होतं, म्हणजे लढाई झाली तर लपायची खोली. लढाई नव्हती, खोली रिकामी होती. दर शुक्रवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी झाली की आम्ही तिघं तिथं जमायचो. संत्र्यांच्या पेट्यांच्या फळ्या तासून स्लीपर करायचे, त्यावर पितळी रूळ. भिंतीच्या कडेनं नऊ मीटर लांब लाइन. शब्बाथ, म्हणजे आमचा विसाव्याचा शनिवार, शुक्रवारच्या सूर्यास्तालाच लागतो. मेणबत्त्या लावायची वेळ झाली की वरून बायका हाका मारायच्या आणि हाईम कानस जिथल्या तिथं ठेवायचा. "आम्ही शनवारतेली," तो आमच्या कोकणातल्या तेली वाडवडिलांचं नाव सांगायचा, "शनवारी घाणा बंद." लाझार कुठलाच शब्बाथ पाळत नसे, पण तोही हात पुसायचा.

मी काय करत होतो म्हणाल, तर अक्षर माझं मोत्यासारखं, तेव्हा पाट्या नि नंबर रंगवायचो. आणि दुभाष्या होतो. तिथंच सगळं झालं.

पहिल्याच दिवशी हाईमनं विचारलं होतं, रुळांची रुंदी कुठली धरायची. मी लाझारला विचारलं. तो म्हणाला, "रेहावा." रेहावा म्हणजे रुंद. मी हिब्रूच्या वर्गातला पहिला नंबर, लगेच सांगितलं, "ब्रॉडगेज." हाईमचा चेहरा खुलला. परळच्या माणसाला दुसरी लाइन ठाऊकच नसते. पाच फूट सहा इंच, म्हणजे साडेअडतीस मिलिमीटर. लाझारच्या मनातली रुंद लाइन मात्र हैफाची होती. जुन्या अरुंद लाइनीच्या मानानं रुंद, एवढंच. चार फूट साडेआठ इंच, तेहतीस मिलिमीटर.

रूळ लाझारनं बसवले. इंजिन ज्यानं त्यानं घरी करायचं आणि पुरं होईतो दाखवायचं नाही, हा नियमही त्याचाच. त्यामुळे वर्षभर कुणाला पत्ता लागला नाही.

हाईमनं कुठलं इंजिन धरलं हे मला माहीत होतं, कारण नंबर मी रंगवणार होतो. भुसावळच्या शेडमधलं, सासऱ्याचं. परळला दुरुस्तीला आलं तेव्हा त्यानं ते स्वतः उघडलं होतं. तरी पुष्कळसं विसरला होता, की विसरल्याचं सोंग करत होता, देव जाणे. एका संध्याकाळी त्यानं चिमणी पुढं ठेवून बायकोला विचारलं, "बरोबर हाय का गं?"

तिनं ती उचलून दिव्यापुढं धरली. मग म्हणाली, "काठ एवढा जाड नव्हता. बाबा म्हणायचे, आमच्या बाईची टोपी नाजूक हाय."

त्यानं काठ कानशीनं उतरवला. दुसऱ्या दिवशी तिनं आपण होऊन सांगितलं की दिव्याखाली पितळी पट्टी होती, बाबा ती रुमालानं पुसायचे. मग शिटीची दोरी. मग डबा घेऊन ती स्टेशनवर जायची तेव्हा बाबा कुठल्या खिडकीतून वाकायचे. वर्षभर मी वरच्या मजल्यावर बसून त्या दोघांची बडबड ऐकली. पूर्वी त्यांच्या खोलीतून फक्त भांड्यांचा आवाज यायचा.

त्रेसष्टच्या नोव्हेंबरात इंजिन पुरं झालं. हाईमनं ते टॉवेलात गुंडाळून मिक्लातमध्ये आणलं. लाझारनं भिंग लावून पाहिलं आणि चक्क हसला. मग हाईमनं ते रुळांवर ठेवलं आणि ते बसेना. चाकं दोन्हीकडून रुळांच्या बाहेर उतरली, पोट रुळांवर टेकलं. साडेपाच मिलिमीटरचा फरक.

हाईमनं कॅलिपर लावला. दोनदा लावला. "माझीच मिस्टेक," तो म्हणाला. "पुढच्या शुक्रवारी कापून बारीक करतो. तुमची वर्षाची मेहनत हाय रुळांवर."

कापायचं म्हणजे आस, फ्रेम, सिलिंडर, सगळंच आत घ्यायचं. मग ते भुसावळचं इंजिन राहणार नव्हतं. जेमायमाला ते एका नजरेत कळलं असतं. हाईमला हे ठाऊक होतं, तरी त्यानं इंजिन परत टॉवेलात गुंडाळलं. आणि मी, ज्यानं रेहावाचं ब्रॉडगेज केलं, तो तोंडात मूग धरून उभा होतो. आजही आठवलं की स्वतःची चीड येते.

शनिवार मला खायला उठला. सिनेगॉगमध्ये हाईम शेजारी बसून प्रार्थना म्हणत होता, चूक माझी असून बसायला जागा मला सरकवून देत होता. रविवारी गिरणी सुटल्याबरोबर मी लाझारचं दुकान गाठलं आणि सगळं ओकलो. रेहावा, ब्रॉडगेज, सासरा, तो एक तास, सगळं.

लाझारनं डोळ्यावरचं भिंग काढलं. मग त्यानं विचारलं, "तो खरंच कापेल?"

"कापेल," मी म्हणालो. "दुसऱ्याला त्रास नको म्हणून तो स्वतःचा हातही कापेल."

"मग आपल्याकडे पाच दिवस आहेत," लाझार म्हणाला. "चूक तुझी आहे. चिमटा तू धरायचास."

पाच संध्याकाळी लाझार डाख देऊन रूळ जोडत होता आणि मी चिमटा धरला. बोटं भाजली, तोंड उघडायची हिंमत झाली नाही. लाझारनं भिंतीकडच्या रुळाबाहेर साडेपाच मिलिमीटरवर तिसरा रूळ बसवला, नऊच्या नऊ मीटर. एक रूळ दोघांचा, मग आतला त्याच्या इंजिनाचा, बाहेरचा हाईमच्या. इतकी वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, घाई त्याला ठाऊक नव्हती, पण त्या आठवड्यात त्यानं दुकान रोज दोन तास आधी बंद केलं.

शुक्रवारी हाईम टॉवेलाबरोबर करवत घेऊन आला. रुळांकडे पाहिलं, मग लाझारकडे, मग माझ्या बोटांकडे. करवत खाली ठेवली. मीच म्हणालो, "मिस्टेक माझी होती, हाईम."

"ठाऊक हाय रे," तो म्हणाला. "लाझारची भाषा मला कुठं कळते? ब्रॉडगेज हा शब्द तूच सांगितला होतास."

म्हणजे आठवडाभर ठाऊक होतं, आणि जागा सरकवून देत होता.

मी वर धावत गेलो आणि वहिनीला बोलावून आणलं. ओल्या हातांनीच आली. लाझारनं विजेचं बटण फिरवलं. इंजिन जरा अडखळलं आणि निघालं, संत्र्यांच्या फळ्यांवरून, दिव्याखालची पट्टी चमकवत. जेमायमा त्याच्या बरोबरीनं भिंतीच्या कडेनं चालत गेली. टोकाला इंजिन थांबलं तेव्हा ती वाकली, पदराच्या टोकानं पट्टी पुसली आणि रडली. एक तास नव्हे, पण बराच वेळ. हाईम शेजारी उभा राहिला. लाझार पाठ करून उगाच पेचकस शोधत होता.

बाहेर ऊन उतरलं. वरून बायका हाका मारायला लागल्या. जेमायमानं डोळे पुसले आणि नवऱ्याची बाही ओढली.

"चला," ती म्हणाली, "मेणबत्त्या लावायच्या हायत. घरी चला."