सफरचंदाला पाय नसतो

झाड छाटलं की परत फुटतं, मग माणसाचा पाय का नाही फुटत? हे मी डॉक्टरांना विचारलं, नर्सला विचारलं, लिफ्टवाल्यालासुद्धा विचारलं. शाळा मी सातवीत सोडली, त्यामुळे उत्तर आठवीत असेल तर माहीत नाही! दादा गेल्यापासून लोक घरी बसायला येतात, आणि गाड्यावरचे किस्सेच निघतात. एक संपत नाही तोवर दुसरा दारात उभा.

नारायण पेठेत दादाचा फळांचा गाडा होता. वजन मी करायचो, बोलायचं काम त्याचं. बाहेरच्या देशातली सफरचंदं तेव्हा नुकतीच यायला लागली होती. चकाचक, वर 'वॉशिंग्टन'चा स्टिकर! एका आजोबांनी विचारलं, "हे वॉशिंग्टन धुवावं लागतं का हो?"

"नावातच वॉशिंग आहे, आजोबा," दादा म्हणाला. "पण धुवा. हात माझे लागलेत."

*

आयटी कंपनीतल्या एक मॅडम स्कूटीवरून यायच्या. एकदा म्हणाल्या, "ॲपल पायसाठी हवंय."

दादाने सफरचंद उलटंपालटं करून पाहिलं. "मॅडम, ह्याला देठ असतो. पाय नसतो."

मॅडम इतक्या हसल्या की स्कूटी कलंडली. मग त्यांनी समजावलं, मैद्याची पारी, आत दालचिनी घालून शिजवलेलं सफरचंद.

"म्हणजे गोल करंजी! आधी सांगायचं ना."

वहिनीने तो पाय घरी कुकरमध्ये केला, शिट्टी काढून. पारी अशी झाली की सुरी वाकली. दादा म्हणाला, "पाय कसला, हा गुडघा झालाय!" उरलेल्या सफरचंदांचा वहिनीने गुपचूप शिरा केला.

*

मॅडमनीच एकदा ऑफिसच्या कॉम्प्युटरवर वाचून सांगितलं. ह्या वॉशिंग्टनच्या, म्हणजे लाल डिलिशस जातीच्या सफरचंदाचं पहिलं झाड म्हणे अमेरिकेत एका शेतकऱ्याच्या बागेत उगवलं, ओळ सोडून. त्याने छाटलं. परत फुटलं. पुन्हा छाटलं. पुन्हा फुटलं! शेवटी तो म्हणाला, "जगायचंच असेल तर जग बाबा."

दादाला ही गोष्ट भयंकर आवडली. कोणी घासाघीस केली की म्हणायचा, "दोनदा छाटून हे पडलं नाही, तुमच्या बोलण्याने भाव काय पडणार!"

*

दादाला शुगर होती. आधी पायाचा अंगठा काढला. जखम चिघळली, मग गुडघ्याखालून पायच. शुद्धीवर आल्या आल्या मला म्हणाला, "दोनदा छाटून झालं रे. आता बघच."

मॅडम भेटायला आल्या, डब्यात ॲपल पाय घेऊन. वहिनीला रडू फुटलं.

"अगं, रडतेस काय? पाय आणलाय त्यांनी!"

अख्खा वॉर्ड हसला. नर्स ओरडायला आली आणि हसत परत गेली.

*

मग ताप चढला. जखमेतलं विष रक्तात गेलं. डॉक्टर वहिनीला बोलायला बाहेर घेऊन गेले. दादाने मला खुणेने जवळ बोलावलं.

"बाळ्या, पायाला खाज सुटलीय."

मी पाय खाजवायला लागलो.

"हा नाही रे, येड्या. दुसरा."

तिथे चादर सपाट होती. मी चादरीवर खाजवायला लागलो.

"जरा खाली... अजून खाली... हां. तिथंच."